हाय की नाय: दांडीच्या किनाऱ्यावर स्वस्त चाकूची परीक्षा

तंबू घेऊन फिरणाऱ्या माणसाकडे एक न मिटणारा चाकू हवाच, असं मी या ब्लॉगवर मागे ठासून लिहिलं होतं. त्यावर तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी विचारलं, "ताई, स्वस्तातला चालेल का?" मग मीही हौसेने एक मागवला. पातं मुठीत पक्कं बसवलेलं, वर प्लास्टिकचं म्यान, आणि किंमत म्हणाल तर दोघांच्या बऱ्यापैकी जेवणाएवढी. नवरा म्हणाला, "घरात विळी आहे की." मंदारला कशावरही विळीच सुचते. मी चाकू डिकीतल्या बॅगेत तळाशी ठेवला (तुम्हीही तसाच ठेवा, कमरेला लावून गावात मिरवू नका) आणि नाशिकहून निघाले.

जव्हारपर्यंत वळणंच वळणं. पोट हलकं ठेवून निघा, नाहीतर घाटातच सगळं बाहेर येईल. जव्हारला मिसळ खाल्ली. नाशिककरीण आहे, त्यामुळे तिच्याबद्दल गप्प बसते. टोमॅटो मागून घेतला, चाकूने अगदी पातळ चकत्या निघाल्या. पुढे विक्रमगडच्या अलीकडे रस्त्याकडेच्या बांबूवाल्याकडून एक कांडं घेतलं आणि पात्याच्या पाठीवर दगडाने ठोकून ते उभं चिरलं. मूठ जराही हलली नाही. मी खूश. चिल्हार फाट्यावरून बोईसरकडे वळलं की मात्र कंटेनरांच्या मागे मागे रांगावं लागतं. बेटेगाव येईपर्यंत तोंडात धूळच धूळ.

बोईसरची लॉज कारखान्यांत कामाला येणाऱ्यांसाठीच आहेत. खोली साधी, पंखा जोरात, चादर स्वच्छ.

"मॅडम, कौनसी कंपनी में?" काउंटरवरच्या माणसाने विचारलं.

"कंपनी में नहीं, घूमने आयी हूँ."

"बोईसर में?" त्याने मला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं आणि चावी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दांडी, म्हणजे बोईसरजवळचं कोळ्यांचं गाव, मिठाच्या सत्याग्रहाचं नव्हे. माझी मैत्रीण रूपाली मूळची तिथली, आता पालघरला असते. तिचे काका मासेमारी करतात आणि गुलाबकाकी मासळी सुकवून विकतात. रूपालीने आधीच कळवलं होतं, त्यामुळे काकींनी चहाबरोबर पाव पुढे करून मला घरचीच करून टाकलं. काका बर्फ आणायला गेले होते. संध्याकाळच्या भरतीला त्यांची बोट निघायची होती.

आता चाकूची खरी परीक्षा दोरावर होते. भोथरं पातं दोरावर नुसतं घसरत राहतं. घराच्या बाजूला वाळूत एक जाडजूड हिरवा दोर पडला होता, मळलेला, मधे मधे पिंजलेला. काकी लांब, बांबूंच्या आडव्या काठ्यांवर बोंबील वाळत घालत होत्या. वारा भणाणत होता. मी ओरडून विचारलं, "काकी, हा दोर कामाचा आहे का?"

काकी वळून काहीतरी बोलल्या. 'कामाचा'पर्यंत नीट ऐकू आलं. पुढे 'हाय' होतं की 'नाय', ते वाऱ्याने नेलं. इकडे 'आहे'ला हाय म्हणतात, हे मला माहीत होतं. चार पावलं जवळ जाऊन परत विचारायला काय झालं होतं मला? पण मला नाय हवं होतं, म्हणून मी नाय ऐकलं.

तीनदा पातं फिरवताच दोर तुटला. मी आणखी तीनदा कापला. गवारीच्या शेंगा मोडाव्यात तसे तुकडे वाळूत मांडून फोटोही काढले.

तेवढ्यात काका आले. तो नांगराचा दोर होता. बोटीवर न्यायचा म्हणूनच बाहेर काढून ठेवलेला.

"ह्यो कुणी कापला?" त्यांनी विचारलं. चाकू माझ्या हातात होता.

आणि माझ्या तोंडून माफीच्या आधी हे वाक्य निघालं: "मी काकींना विचारलं होतं. त्या कामाचा नाय म्हणाल्या."

काकींनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग नवऱ्याला म्हणाल्या, "हां, मीच बोलली. माझा ध्यान बोंबलांत व्हता."

"ध्यान बोंबलांत? मग नांगर काय मी हातान धरू? आज बोट नाय गेली तर बर्फ काय घरात खानार?" काका असे तडकले की शेजारच्या बायका काम थांबवून बघायला लागल्या. काकी मान खाली घालून ऐकत राहिल्या. मी तिथेच उभी होते. 'काका, मलाच नीट ऐकू आलं नाही' एवढं म्हणायचं होतं. नाही म्हटलं. ते लिहिताना आत्ताही कानशिलं तापतात.

काकांनी शेजाऱ्याकडून दोर मागून आणला आणि मी कापलेल्या दोराच्या धड उरलेल्या तुकड्याला जोडायला बसले. टोकं सारखी करायला त्यांना चाकू हवा होता. मी घाईघाईने पुढे केला. त्यांनी हात मागे घेतला.

"हातात नको देऊ. खाली ठेव. चाकू हातात दिला का भांडन व्हतं."

माझी आईही हेच म्हणते, आणि मी तिला हसते. मी चाकू वाळूत ठेवला. त्यांनी उचलला, टोक छाटलं, पात्यावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "पातं चांगला हाय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बोट निघाली, सगळ्यांच्या मागून. काकींनी मला बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली, वर आग्रहही केला. कालवण कसं होतं विचारू नका, माझं लक्ष ताटात नव्हतं.

तारापूर बघायचं होतं, केळव्याला राहायचं होतं. सगळं सोडलं. परतताना पालघरच्या बाजारात तसाच नवा दोर घेतला, रूपालीच्या हाती दांडीला पाठवला आणि मनोरवरून घर गाठलं. वाटलं होतं, दोर पोचला की सुटले. कसलं काय.

एका संध्याकाळी स्वयंपाकघरात मंदारने हात पुढे केला, "दे तो तुझा चाकू, लिंबू कापतो." मी तो ओट्यावर ठेवला. "हे कधीपासून?" तो हसला. मग मी त्याला सगळं सांगितलं. एरवी कशाचीही थट्टा करणारा माणूस तो. फक्त म्हणाला, "फोन कर."

फोन काकांनी उचलला. मी एका दमात सांगून टाकलं की काकी हायच म्हणाल्या असणार, मीच चुकीचं ऐकलं आणि त्यांच्यावर ढकललं.

"मला ठाव हाय," काका म्हणाले. "नांगराच्या दोराला ती नाय बोलंल व्हय?"

"मग तुम्ही त्यांना का बोललात?"

"मंग कुनाला बोलू? तू पाव्हनी."

तोवर काकींनी फोन घेतला. "दोर मिलाला गो. कामाचा हाय."

या वेळी मी परत विचारलं, "काकी, हाय म्हणालात की नाय?"

पलीकडे दोघंही खो खो हसत सुटले. "हाय गो, हाय," काकी म्हणाल्या. मला मात्र हसता आलं नाही.