दुरुस्तीला नेलेला डबा

त्या नेटवाल्याचं नाव मी तोंडानं घेत नाही. घेतलं तर चूळ भरावी लागेल.

पहिल्यांदा आला तेव्हा काय गोड बोलला मेला! आमच्या ओट्यावर बसून, आईच्या हातचा चहा पीत म्हणाला, "ताई, वर्षाचे पैसे एकदम भरा. वर्षभर भाव हलायचा न्हाई. शनिदेवाच्या गावात बसून खोटं बोलंन व्हय मी?" मी भरले. देवळाच्या वाटेवर तेल आणि रुईच्या माळा विकून साठवलेले पैसे होते ते.

मला नेट काही सिनेमे बघायला नको होतं. माझ्या आईला जन्मापासून ऐकू येत नाही, बोलताही येत नाही. ती हातांनी बोलते, आणि ते हात आम्हा दोघी बहिणींनाच पुरते कळतात. धाकटी पुण्याला दिलेली. साध्या फोनचा आईला उपयोग शून्य. मोबाईलवर चित्र दिसतं, पण शिंगणापुरात भाविकांची गर्दी झाली की टॉवर मान टाकतो. आवाज तुटला तर माणूस अंदाजानं धकवून नेतो. हात अर्ध्यातच थिजले तर काय कळणार, कप्पाळ?

धाकटीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी तिला अंथरुणातून उठायलाच मनाई केली. मग माहेरच रोज संध्याकाळी फोनमधून तिच्याकडे जायला लागलं. आई धुतलेलं पातळ नेसून, केस विंचरून बसायची. पायाची सूज दाखव म्हणायची, काय खाल्लंस विचारायची, रागवायची सुद्धा. दोघींचे हात इतके भरभर चालायचे की मी मधे पडायचं सोडून दिलं होतं.

आणि वर्ष अर्ध्यावर आलं नाही तोच ह्याचा मेसेज: भाव वाढलाय, उरलेल्या महिन्यांचा फरक भरा. मी फोन लावला.

"वरून वाढलंय, ताई. आमच्या हातात काय न्हाई."

"वरून म्हणजे कुठून? आभाळातून? जबान तुम्ही दिलीत का आभाळानं? एक पैसा देणार नाही."

"बघा मग," एवढंच म्हणाला.

त्यानं बरोबर शनिअमावस्या गाठली. त्या दिवशी रस्त्यात पाय ठेवायला जागा नसते, घराघरातलं माणूस दुकानावर असतं, हे त्याला पक्कं ठाऊक. आणि आमच्या घराला दार नाही. गावची रीत. आता कोणी कोणी दारं बसवलीत, आम्ही नाही. चौकटीला पडदा तेवढा आहे. तो पडदा सारून आत आला, भिंतीवरचा नेटचा डबा काढला आणि घेऊन गेला.

दुपारी मी भाकरी खायला घरी आले तर आई हसत हसत सांगायला लागली. तो माणूस आला होता. डबा दुरुस्तीला नेला. उंचावर होता, मी स्टूल धरलं. घामाघूम झाला होता बिचारा, चहा करून दिला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोरी होत नाही म्हणून जगभर नाव झालेल्या गावात भरदिवसा चोरी, आणि स्टूल कुणी धरलं? पण ते आईला सांगायला माझे हात उठेनात. मी मान डोलावली. हो, दुरुस्तीला नेला.

त्याच संध्याकाळी धाकटीच्या नवऱ्याचा फोन आला. दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या होत्या, ऑपरेशन करायचं ठरलं होतं, आणि ही हटून बसली होती, आईला बघितल्याशिवाय आत जाणार नाही. मी मोबाईलवर लावला. लागेना. आईला हाताला धरून गच्चीवर नेलं, तिथून शेताच्या बांधापर्यंत ओढत नेलं. एकदाच लागला. धाकटीचा चेहरा दिसला, तिनं हात वर उचलला, आणि तिथंच चित्र थिजलं. मग तेही गेलं. आई माझा दंड गदागदा हलवून विचारत राहिली, काय म्हणत होती ती? काय म्हणत होती? मला तरी काय माहीत!

मुलगी झाली. दोघी सुखरूप. पण बाळाला काचेत ठेवलं होतं, आणि भेटायला कोणाला सोडत नव्हते.

सोमवारी मी सोनईला त्याच्या ऑफिसात जाऊन उभी राहिले. त्याच्याकडे मात्र काचेचं दार, दाराला शटर, शटरला दोन्ही बाजूंनी कुलपं, वर कॅमेरा.

"माझ्या घरात शिरून चोरी केलीस?"

"शब्द जपून, ताई. डबा कंपनीचा हाय. आपला माल आपुन उचलला, त्याला चोरी म्हनत न्हाईत. आन् शिरलो कुठं? तुमच्या आईंनीच स्टूल धरलं की."

"तिला ऐकू येत नाही रे, मुडद्या! लेक ऑपरेशनला जाताना तिला बघता आलं नाही!"

"मग तुमी बोलायचं तिच्या वतीनं. साधा फोन हाय की."

तुझं तळपट होवो, असं मी त्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हटलं. त्यानं पावतीपुस्तक पुढं ओढलं. मग मी फरक भरला. हो, भरला! आईला नात बघायची होती. शिव्या देत देत भरला, पण गल्ल्यात शिव्या जात नाहीत, पैसेच जातात.

दुसऱ्या दिवशी तो डबा लावायला आला. आईनं पुन्हा स्टूल धरलं. मी चहा ठेवत नाही म्हटल्यावर तिनंच ठेवला. मग दोन्ही हात कपाळाला लावून त्याला काहीतरी म्हणाली.

"काय म्हनत्यात?" त्यानं विचारलं.

"म्हणतेय, लवकर दुरुस्त करून आणलंत, देव तुमचं भलं करो."

निर्लज्ज चहा शेवटच्या घोटापर्यंत प्याला आणि गेला.

संध्याकाळी आईनं नात बघितली. रडली, हसली, बोटं मोडली. मग धाकटीला विचारलं, त्या दिवशी हात उचलून काय म्हणत होतीस? धाकटीनं खूप आठवून बघितलं. तिला आठवेना.

फोन ठेवल्यावर मी आईला सांगितलं, उद्या सुताराला बोलावते. दार बसवू, कडी-कुलूप लावू, गाव काय म्हणायचं ते म्हणो. आईला माझं डोकं फिरल्यासारखंच वाटलं. तिनं आधी कानाला हात लावला, दार वाजलं तर ऐकणार कोण? मग भिंतीवरच्या डब्याकडे बोट केलं. हा पुन्हा बिघडला, आणि तू दुकानावर असलीस, तर तो भला माणूस आत कसा येणार?