आईच्या आवाजातली हाक

निफाडच्या शाळेत माझी एकच ख्याती होती, नकला. हेडसर, एसटीचा कंडक्टर, भाजीवाली मावशी, कुणालाच सोडलं नाही. त्यापायी छड्याही लय खाल्ल्या. विशेष मुलांना शिकवायचा कोर्स करून नाशिकच्या एका बालवाडीत लागले तेव्हा वाटलं, चला, आता नकलांचा पगार मिळणार.

मला एकच मूल दिलं होतं. चार वर्षांची मुलगी. बोलायची नाही. कान तपासलेले, ऐकू सगळं यायचं, पण हाक मारली तर बघायची नाही. घरी फक्त आईच्या हाकेला वळायची, तेही दिवसातनं एखाद वेळेस.

आमच्याकडं अशा प्रत्येक मुलाचा वेगळा कागद असतो. त्याच्यापुरतं काय शिकवायचं ते त्यावर लिहायचं, जमलं त्या दिवशी टीक करायची. हिच्या कागदावर पहिलीच ओळ होती: कोणीही हाक मारली तर वळून बघेल. एप्रिलपर्यंत एवढं जमलं तर ती जूनपासून बाकीच्या पोरांबरोबर मोठ्या गटात बसणार होती. नाहीतर आणखी एक वर्ष कोपऱ्यातली चटई आणि मी.

मी कुकरच्या शिट्टीपासून बोकडापर्यंत सगळे आवाज काढले. बाकीची पोरं हसून लोळायची. ही आपली चपलेचा बंद उघडत-लावत बसायची.

एकदा तिची आई तिला सोडून निघाली होती. ओझरवरनं दोन रिक्षा बदलून यायची बिचारी. जाताना दारातनं म्हणाली, "ए राणी, येते हं गं!" थोडं नाकातनं, शेवट लांबवलेला. मला तो आवाज लगेच सापडला. ती गेल्यावर गंमत म्हणून काढला, "ए राणी, इकडं बघ की गं!"

पोरगी झटकन वळली. आधी दाराकडं बघितलं. तिथं कुणी नाही म्हणल्यावर माझ्या तोंडाकडं. मी लगेच साबणाचे फुगे सोडले, फुगे तिला फार आवडायचे. दोन महिने हेच चाललं. आईचा आवाज, वळणं, फुगे, टीक. कागद भरून गेला.

"काय गं, जादूटोणा केला काय?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"तुमच्यावर पण करू का, बाई?" मी म्हणलं. कसं केलं ते काही सांगितलं नाही. लय शहाणी होते ना मी.

एप्रिलमध्ये बाईंनी आईला बोलावलं आणि सगळ्यांसमोर मुलीला हाक मारली. काही नाही. मी माझ्या आवाजात मारली. काही नाही. मग आईनं मारली, "ए राणी!"

ती वळली. माझ्याकडं. माझ्या हातात फुग्यांची बाटली शोधायला लागली. आईनं हात पसरून परत हाक मारली. ती परत माझ्याकडंच आली.

"हे काय आहे?" बाई म्हणाल्या.

मला करून दाखवावं लागलं. त्या आईसमोर तिचाच आवाज काढला. माझ्या नकलेला कुणीच हसलं नाही, असं पहिल्यांदाच झालं.

आई हळूच म्हणाली, "घरी पण असंच करते. मी हाक मारली की दाराकडं बघते. मला वाटलं, शाळेची ओढ लागली." मग म्हणाली, "माझ्या एका हाकेला बघायची गं ताई ती. तेवढंच होतं मला."

सॉरी तरी कुठल्या आवाजात म्हणणार?

"कागदावरचं 'कोणीही' म्हणजे तू एकटी नाही," बाई मला म्हणाल्या. यंदा मोठा गट नाही, आणि तो आवाज आजपासून बंद, एकदासुद्धा काढायचा नाही. कागदावरच्या सगळ्या टिका त्यांनी मलाच खोडायला लावल्या.

दुसऱ्या दिवशी पोरगी चटईवर माझ्यासमोर येऊन बसली. वाट बघत. मी माझ्या आवाजात हाक मारली, ती चपलेकडं बघत राहिली. तिसऱ्या दिवशी तिनं पुढं येऊन माझ्या गळ्यावर दोन बोटं ठेवली. आधी हळू. मग टकटक करायला लागली, नळाला पाणी आलं नाही की आपण वाजवून बघतो ना, तशी.

मी तोंड मिटून बसले. तिचा हात बाजूला करायचं तेवढं जमलं नाही.