भरवणाऱ्याचं नाव

लातूरला पाण्याची रेल्वे यायची त्या उन्हाळ्यात चाकूरच्या शिवगंगाला थोरल्या जावेचा डावा हात डोळ्यांत सलू लागला.

शिवगंगाच्या सहा वर्षांच्या रुद्राणीला स्नायूंचा आजार होता, क्वचितच कुणाला होणारा. मान धरवत नव्हती, गिळताना दम लागायचा. अशा मुलांना काय आणि किती भरवलं तर वजन टिकतं, याचा अभ्यास लातूरच्या एका दवाखान्यात चालला होता. डॉक्टरीणबाईंनी प्रत्येक आईला छोटा काटा आणि वही दिली होती. वाटी आधी तोलायची, नंतर तोलायची. पोटात किती गेलं, कुणी भरवलं, ते लिहायचं. वजन घसरलं तर नाकातून नळी घालावी लागणार होती. शिवगंगाला त्या नळीची धास्ती होती.

आईच्या हातचे चार घास घेऊन रुद्राणी तोंड मिटायची. जाऊ पार्वतम्मा बसली की वाटी रिकामी. पार्वतम्माला मूलबाळ नव्हतं. रोज सकाळी गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळव्यावर घेऊन ती बराच वेळ पूजेला बसायची, हात जरासुद्धा हलायचा नाही. तोच तळवा पोरीच्या हनुवटीखाली धरून ती आंबील भरवायची. एक चमचा, मग चार वेळा ‘शिवा शिवा’, मग दुसरा. शिवगंगाची पूजा टँकरच्या रांगेत केव्हाच सुटली होती. रिकाम्या बाईला सगळं जमतं, असं ती नवऱ्याला ऐकवायची.

वहीत मात्र भरवणाऱ्याचं नाव म्हणून तिनं रोज स्वतःचंच लिहिलं. आई मीच ना.

मे महिन्यात तपासणी होती. बसमध्ये उदगीर जिल्हा होणार की नाही यावरून माणसं हमरीतुमरीवर आली होती. शिवगंगा वही मांडीवर घट्ट धरून बसली होती. दवाखान्यात रुद्राणीचं वजन अर्ध्या किलोनं वाढलेलं निघालं. शेजारी मुरुडची सिंधु बसली होती, तिचा मुलगा याच आजाराचा, वजन उतरलेला. शिवगंगाताईंनी सिंधुला भरवून दाखवावं, असं डॉक्टरीणबाईंनी सुचवलं.

नाही म्हणवेना, आणि जावेची रीत उचलायला मन घेईना. शिवगंगानं तान्ह्या बाळासारखी पोरीची मान मागं टाकली आणि चमचा ओतला. रुद्राणीला ठसका लागला, ओठ काळेनिळे झाले. डॉक्टरीणबाईंनी तिला झटकन पुढं वाकवलं. श्वास सुटला तशी पोर रडायला लागली.

शिवगंगानं मान वळवली. तिचं बघून सिंधुनंही मुलाची मान आधीच तशी मागं टाकली होती, चमचा ओठाशी.

“बाई, तसं नगा,” शिवगंगानं तिचं मनगट धरलं. “मला भरवता येत न्हाई. माझी जाऊ भरवती.”

डॉक्टरीणबाई रागावल्या, म्हणाल्या, खोटं लिहिलेल्या वहीनं कुठल्याच मुलाचं भलं होत नाही. मग जाऊ कसं भरवते ते विचारलं. शिवगंगानं सिंधुच्या मुलाच्या हनुवटीखाली डावा तळवा धरला. बोटं कुठं, अंगठा कुठं, किती थांबायचं, तिला सगळं पाठ होतं. इतके महिने जळत जळत तिनं दुसरं बघितलंच काय होतं?

घरी येऊन ती वही दुरुस्त करायला बसली.

“अगं, राहू दे की तुझंच नाव,” पार्वतम्मा म्हणाली. “मला कुठं वाचता येतंय.”

“न्हाई अक्का, खरंच लिहावं लागतंय.”

जावेच्या आवाजात कुठंच टोमणा नव्हता, हे शिवगंगाला जास्तच झोंबलं. एकेका ओळीतलं आपलं नाव खोडून तिनं पार्वतम्माचं लिहिलं. पुढं नातं विचारलेलं होतं. रुद्राणी पार्वतम्माला मोठीआई म्हणायची.

शिवगंगानं लिहिलं, चुलती.