दिगूसाठी पाच दिवस पाग बंद

तुमच्या वाडीतलं कोणी गेलं, तर त्याच्या मानासाठी तुम्ही काय करता? हातातलं काम थांबवता, की दुप्पट जोराने चालू ठेवता? लगेच उत्तर देऊ नका. मी लगेच दिलं होतं. टाइप करून त्याची प्रिंटही काढली होती.

१९९९ चा जुलै. कारगिलची लढाई चालू होती. मी मालवणात एका छोट्या प्रेसमध्ये डीटीपी ऑपरेटर होते. डीटीपी म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवणं. पूर्वी हेच काम अक्षरांचे शिशाचे खिळे एकेक करून लावत करायचे. माझे वडील त्याच प्रेसमध्ये खिळे लावत म्हातारे झाले. आमच्या घरी पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. दशावताराच्या जाहिराती, रापण ओढणाऱ्या मच्छीमारांच्या मोर्चाची हाक, निवडणुका, संप. मी वाचायला शिकले ती त्यांवरच. तिसरीत मला 'जाहीर निषेध' न चुकता लिहिता यायचं, 'आंघोळ' मात्र चुकायची. पुढे मी काहीही लिहिलं तरी ते हाक दिल्यासारखंच व्हायचं.

त्या दिवशी मोहनशेट आले. बाजारात त्यांचं किराणाचं दुकान. खाडीकाठच्या वाडीतला दिगंबर, आमचा दिगू, महिन्याभरापूर्वी तिकडे डोंगरावर मारला गेला होता. शनिवारी शाळेत त्याची श्रद्धांजली सभा होती आणि मोहनशेट समितीचे अध्यक्ष होते. लढाई आता थांबणार, असं टीव्हीवर सांगत होते.

"थांबवतले म्हणतत," छत्री झटकत ते म्हणाले. "हातातोंडाशी इल्लां आणि थांबवतले. आमी काय उगी ऱ्हवाचां?"

"पत्रकात काय घालू?"

"तां तू बघ गो. तुझ्या हातात जाळ आसा. खाली नाव मात्र पार्वतीकाकीचां घाल. माझां घातलंस तर लोक माझ्याच दुकानात तेची पुडी बांधून मागतले."

पार्वतीकाकी म्हणजे दिगूची आई. मी अर्ध्या तासात मजकूर लिहिला. 'आमच्या दिगंबरचे रक्त वाया जाऊ देऊ नका. आज थांबाल तर तो दुसऱ्यांदा मरेल. त्याच्या हौतात्म्याची आण आहे, युद्ध थांबवू नका.' खाली 'आपली, वीरमाता पार्वती'. मधलं वाक्य मला इतकं आवडलं की ते मी बोल्ड केलं आणि दोन पॉइंटने मोठं केलं.

मोहनशेटनी वाचलं. डोळे पुसले. "छाप," म्हणाले.

प्रेसचे मालक अण्णा आत छपाईच्या ट्रेडल मशीनला तेल घालत होते. तिथूनच म्हणाले, "प्रूफ काढ."

प्रूफ म्हणजे छापण्याआधीची एक प्रत. गिऱ्हाइकाने ती वाचायची, चुका दाखवायच्या आणि 'ओके' लिहून सही करायची. मग पुढची चूक प्रेसची नाही. अण्णांनी यात स्वतःचा एक नियम घातला होता. पैसे कोणीही देवो, पत्रकाच्या खाली ज्याचं नाव, त्याचीच सही प्रूफवर. एका निवडणुकीत त्यांनी कोणाच्या तरी नावाने खपवलेलं पत्रक छापलं होतं आणि पोलीस ठाण्याच्या बाकावर दोन दिवस काढले होते. तेव्हापासूनचा हा नियम.

"अण्णानु, काकीक वाचूक खंय येता?" मोहनशेट म्हणाले.

"वाचूक येणा नाय, आयकूक येता," अण्णा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "आणि जाताना एक लक्षात ठेव. तिचा धाकटा, नारू, तोही फौजेत आहे. तिकडेच आहे."

मला ते माहीत होतं. लिहिताना मात्र आठवलं नव्हतं.

प्रूफ प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि सायकल काढली. वाडीत होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारलेल्या होत्या. पावसाळ्यात समुद्र बंद असतो. खाडीत तेवढे पागवाले जातात. पाग म्हणजे एकट्याने फेकायचं गोल जाळं. काकी ओट्यावर सुके बांगडे निवडत बसली होती.

"कोण गो? प्रेसातली? बस. वास येतलो, पण बस."

मी काम सांगितलं. तिने हात लुगड्याला पुसले. "वाच."

मी वाचलं. चांगलं वाचलं. ती रडेल, अंगठा देईल आणि मी निघेन, असं मी धरून चालले होते.

ती रडली नाही. "तां दुसऱ्यांदा मरूचां परत वाच," म्हणाली.

मी परत वाचलं.

"ह्यां कोणी लिवल्यान?"

"मी."

"तू दिगूक वळखी होतंस?"

"शाळेत दोन वर्षं पुढे होता."

"मगे तुका कसां कळलां तेका काय व्हया तां?"

तिच्या आवाजात राग नव्हता. एखादं नवीन जाळं बघावं तसं ती माझं वाक्य उलटसुलट करून बघत होती.

"माका एक सांग," ती म्हणाली. "दिगूची खबर इली, तेव्हा ह्या वाडीतल्या एकाय माणसान पाच दिवस खाडीत पाग टाकूक नाय. कोणी सांगूक नव्हतां. सगळ्यांनी डाळ खाल्ल्यानी. दिगूचो काको दर्यात बुडलो तेव्हा होड्यो वर घेतल्यानी. आमच्याकडे माणूस गेलो की काम थांबवतत. तो मासे मारताना गेलो, म्हणान आता मासे मारूचां थांबव नकात, असां कोण म्हणाक नाय. तुमच्या प्रेसात उलटां कसां?"

खरं सांगते, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आता पडला आणि आवडलाही. पण पत्रकांवर वाढलेली मी, वाद सोडणार कशी?

"काकी, लढाई म्हणजे मासेमारी नव्हे. आपण थांबलो आणि ते लोक डोंगरावर बसले, तर खालच्या गावांवर गोळे टाकतील."

"तां वेगळां. तां खरां आसात. मगे तां लिव. डोंगर व्हयो तर डोंगर व्हयो म्हणान लिव. थंयल्या माणसांसाठी लिव. दिगूचां नाव कित्याक घालतंस?"

"त्याचं मरण वाया जाऊ नये म्हणून."

काकीने एक बांगडा उचलला, बोटाने दाबून बघितला आणि वाईटाच्या टोपलीत टाकला.

"नारू थंय आसा. चालू ठेवलां आणि तो गेलो, तर मगे दोघांसाठी चालू ठेवूक व्हया. तिसरो गेलो तर तिघांसाठी. मेलेल्यांसाठी चालू ठेवलां तर थांबतलां कधी गो? हिशेब मोठोच होत जातलो."

मी पेन काढलं. प्रूफवर चूक दाखवायची तर ओळीवर काट मारतात आणि समासात एक लहान खूण करतात. खुणेचा अर्थ 'काढून टाका'. माझ्या आवडत्या वाक्यावर मी काट मारली. मग पुढच्यावर. मग पहिल्यावर. खाली फक्त काकीचं नाव उरलं.

"'वीरमाता' पण काढ. नुसती 'दिगूची आवस' म्हण."

"आता यात घालू काय?"

"तेका बरां पोवूक येय, तां घाल. रजेक इलो की माझी टोपली तोच बाजारात घेवन जाय, फौजेतलो असान लाज नाय, तां घाल. आणि पाग पाच दिवस बंद होते, तां घाल."

मी तिथेच ओट्यावर लिहून काढलं आणि तिला वाचून दाखवलं. तिने अंगठा दिला. प्रूफला आजही बांगड्याचा वास असेल.

प्रेसमध्ये मोहनशेट वाट बघत होते. वाचून त्यांचा चेहरा उतरला.

"ह्यां काय? श्रद्धांजलीचां पत्रक की मासळीचां?"

"सही आहे खाली," मी म्हटलं.

"तुका काय कळता गो? आता थांबलां तर तेचां मरण फुकट जातलां."

"आणि थांबल्यार नारू जिवंत परत इलो तर? तां पण फुकट?"

ते खुर्चीत बसले. म्हणाले, "दिगूक भरतीक मीच घेवन गेल्लंय. माझ्या गाडीतसून. काकी नको म्हणा होती. मी म्हटलंय, पाठव गे, नाव काढतलो."

तोपर्यंत मी त्यांना सभा गाजवायला निघालेला माणूस समजत होते. ते स्वतःसाठीच एक वाक्य शोधत होते, आणि माझं ठळक वाक्य त्यांना नेमकं सापडलं होतं.

अण्णा हात पुसत बाहेर आले. "शेट, तुमका लढाई चालू व्हयी असां वाटता तर तसां पत्रक काढा. मी छापतंय. खाली तुमचां नाव घाला आणि कारण तुमचां लिवा. दिगू नको."

मी कोरी फाइल उघडली. मोहनशेट सांगू लागले. "डोंगर आपला आहे." टाइप केलं. "तो पुरता मोकळा झाल्याशिवाय थांबू नये." टाइप केलं. पुढे त्यांच्या तोंडी परत दिगू आला. थांबले. "तां काढ," म्हणाले. मग पुढचं काही सुचेना. ती दोन वाक्यं मला आजही वाईट वाटत नाहीत. त्यांच्याशी वाद घालता येतो. कोणी म्हणेल डोंगर हवा, कोणी म्हणेल इतक्या माणसांच्या बदल्यात नको. माझ्या वाक्याशी मात्र कोणालाच वाद घालता आला नसता. घातला असता तर दिगूचा अपमान झाला असता. तीच त्याची खोट होती, आणि तेवढ्यासाठीच मी ते मोठ्या टाइपात घेतलं होतं.

मोहनशेटनी स्वतःचं पत्रक छापलं नाही. काकीचं छापलं.

सभेत ते वाटलं गेलं. पागवाल्यांना कोणीतरी वाचून दाखवलं. शेवटची ओळ ऐकून एक म्हातारा मला शोधत आला.

"प्रेसातली तू? पाच नाय गो, सा दिवस. सव्या दिसाक आमी खाडीर गेलंव, पण पाग टाकूक हात उठाक नाय."

म्हणजे अंगठा घेऊनही चूक राहिलीच. अण्णा म्हणाले, ती आपली नाही, प्रूफ ओके होतं.

लढाई त्याच महिन्यात थांबली. आमच्या पत्रकामुळे नव्हे, हे सांगायला नको. गणपतीनंतर नारू रजेवर आला. बाजारात टोपली त्याच्या डोक्यावर होती आणि काकी मागून हात हलवत चालली होती. तिच्या मोठ्या मुलाचं मरण वाया गेलं, असं तिच्याकडे बघून कोणी म्हणालं नसतं.

या धंद्यात मी शिकले ते एवढंच. मेलेला माणूस प्रूफ वाचत नाही, म्हणून त्याच्या तोंडी काहीही घालता येतं.

तेव्हा माझं एक काम करा. 'त्यांच्या रक्ताची आण' असं लिहिलेला कागद पुढच्या वेळी हातात आला, की तो कोणाच्या नावाने निघालाय ते तळाशी बघा. मग त्या घरी जा. ओट्यावर बसा, तो कागद मोठ्याने वाचा आणि विचारा, हे तुमचं का? अंगठा मिळाला तरच पुढे वाटा.