सप्ताळूचा चहा

चहाचा माझ्या मामेसासऱ्यांइतका छळ अख्ख्या आखातात कुणी केला नसेल. लग्न होऊन मी शारजाला आले तेव्हा अल मजाज भागात आमची आणि मामांची बिऱ्हाडं समोरासमोर होती. पहिल्याच दिवशी त्यांनी स्वागताचा चहा म्हणून बर्फ घातलेला ग्लास माझ्या हातात ठेवला. मी हादरलेच. आमच्याकडे चहा गार झाला तर पाहुणा तोंड वाकडं करतो, आणि हे गृहस्थ तो मुद्दाम गार करत होते! दूध दिसेना म्हणून मी सवयीनं आपलं थोडं घातलं, तर आत लिंबू आणि संत्रं. सगळं फाटलं. मामा ग्लासात डोकावून शांतपणे म्हणाले, "सूनबाई, पनीर छान जमलंय."

ऑफिसातून आले की मामा बूटही न काढता ओट्यापाशी उभे राहत. कोरा चहा उकळायचा, फळं साखरेत शिजवायची, मामींच्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यातून सगळं गाळायचं. लिची, डाळिंब, खजूर, कुणाची म्हणून सुटका नव्हती. पीचला ते हट्टानं सप्ताळू म्हणत. शेवटी खालचा मल्याळी दुकानदारही सप्ताळू म्हणू लागला. एका मे महिन्यात मुंबईहून हापूसची पेटी आली आणि त्यातले चार आंबे मामांनी चहात कालवले. माझं माहेर देवगडचं! मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. मामींनी तर केव्हाच हात टेकले होते, आणि त्यांची मुलगी "बाबा, नॉट अगेन" म्हणत खोलीत पळायची.

या मुलीला बघायला दुबईत नोकरी करणारा एक मुलगा आई-वडिलांना घेऊन आला. स्थळ सोन्यासारखं होतं आणि मुख्य म्हणजे दोघांनी एकमेकांना आधीच पसंत केलं होतं. फक्त मोठ्यांचं जमायचं बाकी. मामींनी बजावलं होतं, आज साधा दुधाचा चहा. पण पोहे संपत आले तसे मामा ट्रे घेऊन हजर. बुटके ग्लास, बर्फ, आणि आत सोनेरी, नितळ असं काहीतरी. मुलाच्या वडिलांपुढे वाकून हळूच म्हणाले, "आपण घेता ना?"

संध्याकाळच्या वेळी मराठीत या शब्दांना एकच अर्थ असतो. त्यातून शारजा, जिथे दारूला बंदी. मुलाच्या आईनं बशी खाली ठेवली. "आमच्या घरात कुणी घेत नाही," ती म्हणाली.

मामांना वाटलं, बाई संकोचतायत. "अहो, मी रोज दोन ग्लास घेतो. घरीच करतो, सप्ताळू घालून."

हातभट्टी! मुलाचा चेहरा पांढराफटक पडला, मामींनी डोळे मिटले. मीच ओरडले, की अहो, चहा आहे तो, नुसता गार चहा. मग हशा पिकला. मुलाची आई पदरानं डोळे पुसत म्हणाली, मला मेलीला वाटलं तुम्ही पिताच.

हसून सोडायचं की नाही? मामांनी ट्रे खाली ठेवला. "प्यायचो," ते म्हणाले. "खूप. सोडली त्याला सहा वर्षं झाली. संध्याकाळी हात ग्लास मागतो, म्हणून हा उद्योग. लोक शारजात स्वस्त भाड्यासाठी येतात, मी बंदीसाठी आलो."

मी थक्क झाले. इतकी वर्षं समोर राहून मला पत्ता नव्हता. मामींचा चेहरा उतरला. लग्न मोडलं, असंच आम्हाला सगळ्यांना वाटलं. मग मुलाच्या आईनं ग्लास उचलला, सावकाश संपवला, आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "हे कसं करायचं, मला लिहून द्याल?"

मुलाचे वडील दारातल्या चपलांकडे बघत बसले होते. मामांनी कृती लिहिली आणि कागद तिला न देता त्यांच्या हातात दिला. "स्वतः करायचा," म्हणाले. "दुसऱ्यानं करून दिला तर सुटत नाही."

मुलाच्या वडिलांनी कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि कितीतरी वेळ खिशावरचा हात काढला नाही.