कळांमधलं अंतर

माझे यजमान साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात होते. कामगार कधी आला, कधी गेला, किती तास भरले, हाच दिवसभराचा उद्योग. त्यामुळे माझ्या पहिल्या बाळंतपणात डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं काम त्यांनी मोठ्या ऐटीत अंगावर घेतलं. दोन कळांमध्ये दहा मिनिटांचं अंतर उरलं की निघा, असं बाई म्हणाल्या होत्या. गळिताचे दिवस होते. आमच्या बावड्याहून शहरात जाणारा रस्ता उसाच्या बैलगाड्यांनी तुंबलेला असायचा. उशीर झाला तर मूल रस्त्यातच होईल, या धास्तीने मला झोप लागत नव्हती.

एका दुपारी कळा सुरू झाल्या. अशा वेळी पुरुषाने खोलीत यायचं नाही, हा आमच्या घरचा रिवाज, म्हणून हे बाहेरच्या सोप्यात खुर्ची टाकून बसले. आत माझ्यापाशी सासूबाई. कळ ओसरली की त्या दारात जायच्या आणि कळ आली तेव्हा खोलीतल्या घड्याळात किती वाजले होते ते सांगायच्या. ती कधी ओसरली हे मात्र हे आपल्या मनगटावर बघायचे. पुढच्या कळेची वेळ कळली की वजाबाकी. उत्तर आलं पस्तीस मिनिटं, मग तीस, मग पंचवीस. दर वेळी बाहेरून निरोप यायचा, अजून पुष्कळ अवकाश आहे, तिला चहा द्या.

मला चहा नको होता. कळा एकीमागून एक येताहेत असं मी सांगत होते, तर सासूबाई म्हणायच्या, पहिलटकरणीला तसंच वाटतं. हिशेबापुढे माझ्या पोटाचं कोण ऐकणार? असा संताप आला होता म्हणून सांगू.

तेवढ्यात कारखान्याचा चारचा भोंगा झाला. मी सहज भिंतीकडे पाहिलं. काटे सव्वाचारवर होते. ह्यांना निघायला रोज उशीर होतो म्हणून सासूबाईंनीच ते घड्याळ पाव तास पुढे करून ठेवलं होतं. सगळ्यांना त्याची इतकी सवय झाली होती की ऐन वेळी कुणालाच आठवलं नाही. ह्यांचं मनगटावरचं मात्र भोंग्याला लावलेलं, म्हणून प्रत्येक अंतर पाव तासाने फुगत होतं.

मी सासूबाईंना ओरडून म्हटलं, ‘‘आत्याबाई, हे घड्याळ पुढं हाय की. त्यास्नी म्हणावं, पंधरा मिनिटं कमी करा.’’

सासूबाईंनी दारातून सांगितलं मात्र, बाहेर खुर्ची पडल्याचा आवाज आला.

रिक्षा मिळाली, पण गाड्यांच्या रांगेत अडकलीच. हे उतरून हात जोडत पुढे धावले. एका गाडीवानाने आत डोकावून पाहिलं, आपले बैल कडेला घेतले आणि पुढच्यांना हाक दिली, ‘‘सरा रं बाजूला, बाळंतपणाची बाई हाय. ऊस काय पळून जातोय व्हय?’’ एकेक गाडी बाजूला होत गेली.

दवाखान्यात पोचल्यावर थोड्याच वेळात मुलगी झाली. ह्यांना काय काय सुनवायचं ते मी वाटभर जुळवत आले होते, चांगलं झणझणीत. दाराबाहेर ह्यांचा आवाज ऐकू आला, ‘‘बरी हाय न्हवं ती?’’ नर्सने तोंड उघडायच्या आत लेकीनेच टाहो फोडला. माझा जीव भांड्यात पडला, आणि जुळवलेल्यातलं एक वाक्य आठवेल तर शपथ.