सात अडतीसची बस

बालाघाटच्या एका बसमालकासाठी मी वेळापत्रकाची वेबसाइट केली होती. अगदी सोपं काम, असं सगळ्यांना सांगत फिरलो. पण माझ्या प्रोग्रामात नुसती वेळ ठेवता येत नव्हती, तिला तारीख चिकटवावी लागायची. बस तर रोजचीच. मी वैतागून सगळ्या वेळांना सन एकोणीसशेची एक जानेवारी चिकटवून दिली.

त्या काळी आपल्याकडची घड्याळं आजच्यापेक्षा आठ-नऊ मिनिटं मागे लावलेली असत, आणि कंप्युटर असलं काही विसरत नाही. वेळ साठवताना त्याने तेव्हाचं घड्याळ धरलं, दाखवताना आजचं. साडेसातची नागपूर बस पानावर सात अडतीसला निघू लागली. आदल्या संध्याकाळी ते मला दिसलं होतं. उद्या बघू म्हटलं. त्या ‘उद्या बघू’चा मला अजून संताप येतो.

दुसऱ्या दिवशी बाबा नागपूरला निघाले होते. आत्याच्या हृदयाचं ऑपरेशन दुपारी होतं, आणि आत नेण्याआधी तिला भावाला एकदा बघायचं होतं. आमच्याकडे लोक तासभर आधीच स्टँडवर जाऊन बसतात. बाबा तसे नाहीत. सरकारी नोकरी त्यांनी मिनिटाला धरून केली, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान!

“लवकर निघा, साडेसातले जाते म्हणतात,” आई म्हणाली.

“साडेसात कोणीबी सांगते. अडतीस म्हंजे मोजून काढलेला टाइम हाय. पोरानं केलं हाय ते.”

मी तेव्हा अंघोळीला गेलो होतो. हे सगळं आईने मला नंतर सांगितलं.

बाबा सात पस्तीसला स्टँडवर पोचले. बस गेली होती. पुढच्या बसने ते दवाखान्यात पोचेपर्यंत आत्याला आत नेलं होतं. दारापर्यंत ती “भाऊ आला का?” विचारत होती म्हणे. त्यानंतर ती शुद्धीवर आलीच नाही.

तेरवीला आत्येभावाने सगळ्यांसमोर विचारलं, “मामा, तुमाले काहून उशीर झाला?”

मी सांगणारच होतो, असं मी स्वतःला सांगत आलो आहे. बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“माही झोपच उघडली नाही रे,” ते म्हणाले.

तेव्हापासून आत्येभाऊ बाबांशी बोलत नाही. त्याचा नंबर माझ्याकडे आहे. रोज काढतो, बघतो, अजून लावलेला नाही.